इंग्रजीतील विरोधदर्शक अव्यये आणि मराठी भाषकाची वाक्यरचना

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या लेखनात एक विशिष्ट दोष वारंवार आढळतो. एकेक वाक्य सुटे घेतले तर ते बहुधा निर्दोष असते; परंतु दोन वाक्ये जेथे सांधलेली असतात तेथे वाचक अडखळतो. एका विद्वानाचे मत मांडावयाचे, त्याशेजारी दुसऱ्याचे भिन्न मत ठेवावयाचे आणि दोहोंच्या मध्ये ‘ऑन द कॉन्ट्ररी’ हे शब्द घालावयाचे, ही रीत उदाहरणादाखल पाहावी. लेखकास एवढेच म्हणावयाचे असते की दोघांची मते निरनिराळी आहेत. इंग्रजी जाणणारा वाचक मात्र असे समजतो की पहिले मत लेखक खोडून काढीत आहे. पुढील प्रकरणात त्याच पहिल्या मताचा आधार घेतलेला दिसला म्हणजे परीक्षकास लेखक स्वतःशीच विसंगत बोलत असल्याचा भास होतो. शैलीतील किरकोळ उणीव म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. येथे विधानच पालटलेले असते.

या दोषाचे खापर सामान्यतः मराठीवर फोडले जाते. मराठीत विरोध दाखविणारे शब्द थोडे आणि ढोबळ, इंग्रजीत ते पुष्कळ आणि सूक्ष्म, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या विरुद्ध आहे. दोषाचे मूळ शोधावयाचे तर ते मार्गदर्शक पुस्तकांतून छापल्या जाणाऱ्या याद्यांत शोधावे. ‘बट’, ‘येट’, ‘हाउएव्हर’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘नेव्हरदलेस’, ‘ऑन द कॉन्ट्ररी’, ‘ऑन द अदर हँड’ हे सारे शब्द तेथे एकाच चौकटीत, जणू एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले असतात. ‘बट’ हा शब्द शाळकरी वाटतो म्हणून विद्यार्थी तो टाळतो आणि विविधतेच्या हौसेने यादीतील पुढचा शब्द उचलतो. विल्यम क्रू यांनी १९९० साली ‘इ.एल.टी. जर्नल’मधील आपल्या लेखात या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले होते: हे शब्द वाक्यावर चढवावयाचे अलंकार नव्हेत, विचारातील संबंध आधी असावा लागतो, शब्द त्यामागून येतो.

तो संबंध कोणता, हे पाहण्यासाठी सातारा जिल्ह्यातील पावसाचे उदाहरण सोयीचे आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वाईस त्याच्या चौथाईहूनही कमी. सह्याद्रीच्या माथ्यावरील कित्येक वाड्यांवर पावसाळा असा धो धो असतो, आणि चैत्र-वैशाखात त्यांनाच पाण्यासाठी वणवण करावी लागते. कारण तेथील उतार तीव्र आहेत, खाली कठीण बेसॉल्ट खडक आहे, आणि पडलेले पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते.

एवढ्या मजकुरातून तीन निराळ्या प्रकारचे विरोध निघतात. ‘महाबळेश्वरास भरपूर पाऊस पडतो, तर वाईस थोडा’ ही तुलना झाली. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांतील भेद दाखविला, एवढेच. ‘माथ्यावर पाऊस भरपूर पडतो, पण उन्हाळ्यात पाणी मिळत नाही’ येथे तुलना नाही. पहिल्या विधानाने श्रोत्याच्या मनात एक अपेक्षा उभी केली, दुसऱ्याने ती मोडली. हा अपेक्षाभंग होय. आणि ‘टंचाईचे कारण अपुरा पाऊस नसून तीव्र उतार हे आहे’ येथे एक समजूत काढून तिच्या जागी दुसरी ठेवली आहे. हे निराकरण होय.

मराठीने या तिहींसाठी तीन निराळी साधने वापरली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे: ‘तर’, ‘पण’ आणि ‘नसून’. इंग्रजीतील ‘बट’ या एकट्या शब्दाला मात्र तिन्ही कामे करता येतात. रॉबिन लॅकॉफ यांनी १९७१ मध्ये ‘बट’च्या पहिल्या दोन अर्थांतील भेद स्पष्ट केला. १९७७ मध्ये आँस्कोंब्र आणि द्यूक्रो या फ्रेंच अभ्यासकांनी फ्रेंच ‘मे’ या शब्दाविषयी तसाच प्रश्न विचारला आणि अपेक्षाभंगाचा ‘मे’ व निराकरणाचा ‘मे’ हे दोन वेगळे मानले. जर्मनमध्ये या दोहोंना ‘आबर’ आणि ‘झोंडर्न’, स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ आणि ‘सिनो’ असे स्वतंत्र शब्दच आहेत. मराठी ‘नसून’ हा त्या ‘सिनो’चा जवळचा नातलग म्हणावा लागेल. तेव्हा मराठी भाषकाच्या हाती मुळात सामग्री कमी नाही. वाक्य मनात मराठीत जुळविताना जो भेद तो न चुकता करतो, तोच इंग्रजी यादी समोर आली की विसरतो, एवढेच.

भेद विसरल्याने काय होते ते पाहावे. निराकरणाच्या ठिकाणी ‘हाउएव्हर’ घातले, म्हणजे ‘द कॉज इज नॉट स्कँटी रेनफॉल, हाउएव्हर, इट इज द स्टीप स्लोप’ असे लिहिले, तर वाक्य लंगडते. ‘हाउएव्हर’ हे अपेक्षाभंग सुचविते, आणि येथे भंगण्यासारखी अपेक्षाच नाही. ‘नॉट’ने जी जागा रिकामी केली ती भरावयाची आहे. त्यासाठी साधे ‘बट’ चालते, किंवा ‘रादर’. उलटपक्षी, निव्वळ तुलनेच्या जागी ‘ऑल्दो’ वापरले तर नसलेली अपेक्षा उत्पन्न होते. ‘मुंबई समुद्रकाठी आहे, तर पुणे पठारावर’ या वाक्याचे ‘ऑल्दो मुंबई इज ऑन द कोस्ट, पुणे इज ऑन द प्लॅटो’ असे भाषांतर केले की हास्यास्पद अर्थ निघतो: मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे पुण्यानेही तेथेच असावयास हवे होते! या ‘तर’ला इंग्रजीत ‘व्हेअरअ‍ॅज’ किंवा ‘व्हाइल’ हेच शब्द शोभतात. महाबळेश्वर आणि वाई यांच्या वाक्यात मात्र ‘ऑल्दो’ही बसू शकेल, ‘महाबळेश्वर अगदी जवळ असले तरी वाई कोरडी’ असा अर्थ अभिप्रेत असेल तर. शब्द कोणता निवडावा हे वस्तुस्थिती ठरवीत नाही. त्या वस्तुस्थितीविषयी वाचकाची अपेक्षा काय असेल, यावर ते अवलंबून असते.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने ‘अँड’ आणि ‘बट’ यांत सत्यासत्यतेचा भेद नाही, हे फ्रेगे यांनी १८७९ मध्येच नोंदविले होते. ‘पाऊस भरपूर आहे आणि पाणी नाही’ हे ज्या परिस्थितीत खरे, त्याच परिस्थितीत ‘पाऊस भरपूर आहे पण पाणी नाही’ हेही खरे. भेद आहे तो लेखकाने वाचकास दिलेल्या सूचनेत. मराठी शालेय व्याकरणाने ‘पण, परंतु, परी, किंतु, बाकी’ या अव्ययांना ‘न्यूनत्वबोधक’ असे नाव दिले आहे. पाठ करून विसरले जाणारे हे नाव वस्तुतः फार मार्मिक आहे. पहिल्या वाक्याच्या अर्थात काहीतरी उणे आहे, ते जेवढे सांगते तेवढ्यावर थांबू नये, अशी सूचना ‘पण’ देतो. ‘विरोध’ या शब्दापेक्षा ‘न्यूनत्व’ हा शब्द या अव्ययांच्या खऱ्या कार्याच्या अधिक जवळ जातो.

येथून दुसरा प्रश्न उपस्थित होतो, आणि प्रबंधलेखनात तोच अधिक महत्त्वाचा आहे. परस्परविरोधी दोन गोष्टींपैकी लेखक वजन कोणत्या गोष्टीला देतो? ‘द बुक इज एक्स्पेन्सिव्ह, बट इट इज यूसफुल’ असे म्हणणारा पुस्तक घ्यावे असे सुचवितो. ‘द बुक इज यूसफुल, बट इट इज एक्स्पेन्सिव्ह’ असे म्हणणारा ते घेऊ नये असे. दोघांनी सांगितलेल्या गोष्टी अगदी त्याच आहेत. ‘बट’नंतर जे येते त्याची सरशी होते, हा ‘बट’चा नियम, आणि मराठी ‘पण’चाही. ‘ऑल्दो’चे तसे नाही. ते ज्या वाक्यखंडाला जोडले जाते तो गौण ठरतो, मग त्याचे स्थान आधी असो वा नंतर. ‘ऑल्दो द बुक इज एक्स्पेन्सिव्ह, इट इज यूसफुल’ आणि ‘द बुक इज यूसफुल, ऑल्दो इट इज एक्स्पेन्सिव्ह’ या दोन्ही वाक्यांत पुस्तक उपयुक्त आहे हाच मुख्य मुद्दा. दुसऱ्यात किंमतीचा उल्लेख मागाहून सुचलेल्या पुस्तीसारखा येतो, इतकेच.

मराठी लेखकाला यातील दुसरी रचना सहसा सुचत नाही. ग्रांथिक मराठीत ‘जरी’चा खंड आधी आणि ‘तरी’चा नंतर, हा क्रम बहुतेक ठरलेला असतो. ‘पुस्तक उपयुक्त आहे, महाग असले तरी’ ही बोलण्यातली लकब. लिहिताना ती कोणी वापरीत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याच्या इंग्रजी प्रबंधात प्रत्येक ‘ऑल्दो’ वाक्याच्या आरंभी येते आणि पानामागून पान एकाच ठेक्यावर चालते. इंग्रजीत हा क्रम सामान्यतः मागील वाक्याशी असलेल्या दुव्यावरून ठरतो. किंमतीची चर्चा आधीच चालू असेल तर किंमतीचा खंड पुढे घ्यावा. ती गोष्ट नव्याने सांगावयाची असेल तर मागे ठेवावी.

‘ऑल्दो... बट’ ही जोडचूक तर सर्वांच्या परिचयाची आहे. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द मॅच वॉज प्लेड’ असे वाक्य तपासनीस लाल शाईने खोडतो. पण ते का घडते याचा उलगडा सहसा केला जात नाही. ‘जरी-तरी’ या जोडीमुळे ते घडते हे खरे, परंतु हे उत्तर अपुरे आहे. या जोडीतील कोणता शब्द गाळता येतो हे पाहिले पाहिजे. ‘पाऊस पडत होता, तरी सामना झाला’ हे स्वच्छ मराठी वाक्य आहे; ‘जरी’ नसल्याने त्याचे काही अडत नाही. ‘जरी पाऊस पडत होता, सामना झाला’ हे मात्र कानाला अपुरे वाटते. म्हणजे मराठीत ‘जरी’ ऐच्छिक आणि ‘तरी’ आवश्यक. इंग्रजीत नेमके याच्या उलट: ‘ऑल्दो’ आवश्यक, आणि दुसऱ्या खंडाच्या आरंभी काही नसले तरी चालते, बहुधा नसलेलेच बरे. विद्यार्थी ‘बट’ घालतो तेव्हा तो निष्काळजीपणाने एक जादा शब्द लिहीत नसतो. त्याच्या भाषेने जो शब्द अपरिहार्य मानला आहे, त्याचीच तो सोय लावीत असतो. चिनी भाषेतही अशी जोडी आहे, आणि चिनी विद्यार्थीही इंग्रजीत हीच चूक करतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘दो... येट’ ही जोडी इंग्रजीत एके काळी सर्रास चालत असे. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ती ठिकठिकाणी आढळते, आणि आपल्याकडील जुन्या शालेय व्याकरणांतूनही ती शिकविली जात असे. आज ती जुनाट वाटते, तथापि अशुद्ध ठरत नाही. ‘येट’ चालावे आणि ‘बट’ चालू नये, याला कारण आहे. ‘येट’ हे येथे क्रियाविशेषणासारखे वागते. मुख्य वाक्याच्या आत बसून ते केवळ जोर देते. ‘बट’ दोन समान दर्जाच्या वाक्यांना जोडते. ‘ऑल्दो’ने एका वाक्याला गौण ठरविले आणि लगेच ‘बट’ने त्याला समान दर्जा दिला, तर ते वाक्य ना गौण राहते ना प्रधान.

‘असूनही’ या रूपाचा मार्ग निराळा आहे. ‘आजारी असूनही तो आला’ याचे ‘डिस्पाइट ही वॉज इल’ असे भाषांतर आढळते आणि ते चुकते, कारण ‘डिस्पाइट’ला पुढे नाम किंवा नामासारखे रूप लागते; पूर्ण वाक्य चालत नाही. वस्तुतः ‘असूनही’ हे स्वतःच अपूर्ण क्रियारूप आहे, आणि ‘डिस्पाइट बीइंग इल’ ही रचना त्याच्याशी सहज जुळते. मराठीकडे नीट पाहिले असते तर चूक झाली नसती. ‘डिस्पाइट ऑफ’ ही चूक मात्र मराठीची नव्हे. ती ‘इन स्पाइट ऑफ’च्या संगतीने आलेली आहे.

‘मात्र’ या शब्दाच्या बाबतीत मराठी भाषकाला एक अनपेक्षित लाभ आहे, आणि तो बहुतेकजण गमावतात. ‘सर्व सभासद उपस्थित होते, अध्यक्ष मात्र आले नाहीत.’ येथे ‘मात्र’ वाक्याच्या आरंभी येत नाही. ज्याला इतरांपासून वेगळे काढावयाचे त्या शब्दाला चिकटून, त्याच्या मागे येतो. इंग्रजीत ‘हाउएव्हर’ वाक्याच्या मध्यात घातले की तेही असेच वागते: ‘द प्रेसिडेंट, हाउएव्हर, वॉज अ‍ॅबसेंट.’ कर्त्याच्या मागे आलेले ‘हाउएव्हर’ कर्त्यावरच प्रकाश पाडते. विद्यार्थी ही रचना सोडून देतो आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ‘हाउएव्हर’ ठेवून पुढे स्वल्पविराम देतो. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या १९५९ सालच्या सुप्रसिद्ध पुस्तकाने ‘तरीही’ या अर्थाचे ‘हाउएव्हर’ वाक्यारंभी घेण्याचे टाळावे असा सल्ला दिला होता. आजचे इंग्रजी लेखक तो फारसा पाळीत नाहीत, आणि पाळलाच पाहिजे असेही नाही; पण त्यामागील जाणीव यथार्थ आहे. आरंभी आलेले ‘हाउएव्हर’ संपूर्ण वाक्याला वळण देते. मध्ये आलेले एका शब्दाला उठाव देते. ही दोन कामे निराळी आहेत.

अलीकडील मराठी वृत्तपत्रांत ‘मात्र’ हाच शब्द वाक्याच्या आरंभी, पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलेला दिसतो. इंग्रजी ‘हाउएव्हर’चे हे वळण असावे असा दाट संशय येतो. जी रचना इंग्रजीत नेऊन उपयोगी पडली असती ती घरीच मोडावी, हा प्रकार काहीसा खेदजनक आहे.

‘हाउएव्हर’विषयी एक बंधन मात्र कसोशीने पाळावे लागते. ते उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यांच्या मध्ये नुसते स्वल्पविराम देऊन ते ठेवता येत नाही. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. ‘बट’ला ही अडचण नाही. आणि ‘बट’ने वाक्य सुरू करू नये हा शाळेतील दंडक मुळातच निराधार आहे. जुन्या काळापासून आजतागायतचे मान्यवर इंग्रजी गद्यलेखक ‘बट’ने वाक्य सुरू करीत आले आहेत, जसे मराठी लेखक ‘पण’ने करतात.

राहिला ‘उलट’, ज्यापासून या विवेचनास प्रारंभ झाला. मराठीत ‘उलट’ आणि ‘याउलट’ हे दोन प्रयोग आहेत, आणि त्यांच्यातील भेद शब्दकोशांपेक्षा बोलणाऱ्यांना अधिक ठाऊक असतो. ‘महाबळेश्वरास भरपूर पाऊस पडतो. याउलट वाईचे पर्जन्यमान थोडे आहे.’ येथे तुलना आहे; दोन स्थळे आहेत, दोन्ही विधाने खरी आहेत. ‘तो रागावला नाही, उलट हसला.’ येथे व्यक्ती एकच, आधीचे वाक्य नकारार्थी, आणि दुसरे वाक्य त्या नकाराला बळकटी देते. बारकाईने पाहता या दोन वाक्यांत परस्परविरोध मुळीच नाही. दोन्ही एकाच बाजूची आहेत. विरोध आहे तो न उच्चारलेल्या तिसऱ्या मताशी, म्हणजे तो रागावला असेल या समजुतीशी. ‘ऑन द कॉन्ट्ररी’चा अर्थ हा दुसरा, केवळ ‘उलट’चा. ‘याउलट’साठी ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘इन कॉन्ट्रास्ट’ असे शब्द आहेत. एकाच प्रश्नाच्या दोन बाजू तोलावयाच्या असतील तर ‘ऑन द अदर हँड’. शब्दकोशात ‘उलट’ आणि ‘याउलट’ यांपुढे एकच इंग्रजी प्रतिशब्द लिहिला गेला की प्रबंधातील मतांची गल्लत होणारच. हा दोष केवळ मराठी भाषकांचाही नव्हे. ग्रेंजर आणि टायसन यांनी १९९६ मध्ये फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांचा अभ्यास केला, तेव्हा ‘ऑन द कॉन्ट्ररी’चा असाच चुकीचा वापर त्यांना आढळला. फ्रेंच ‘ओ काँत्रेर’ची व्याप्ती अधिक विस्तृत असल्याने तो होतो. त्याच अभ्यासात असेही दिसून आले की हे विद्यार्थी ‘हाउएव्हर’, ‘दो’, ‘येट’ असे शब्द इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांपेक्षा कमी, तर भर घालणारे व दुजोरा देणारे शब्द अधिक वापरतात. जोडशब्दांची एकूण संख्या वाढवून लेखन सहज होते हा समज यावरून टिकत नाही.

‘व्हाइल’ या शब्दाची वेगळी दक्षता घ्यावी लागते. तो मूळचा काळवाचक. तुलनेचा अर्थ त्याला मागाहून आला. ‘येट’ आणि ‘स्टिल’ यांचाही प्रवास ‘अजून’ या अर्थाकडून ‘तरीही’कडे झालेला आहे. यात नवल वाटू नये, कारण आपला ‘पण’ देखील संस्कृत ‘पुनः’पासून आला आहे, ‘पुन्हा’ म्हणता म्हणता ‘परंतु’ असा अर्थ झाला. अडचण येते ती जुना आणि नवा दोन्ही अर्थ जिवंत असताना. दोन घटनांचे वर्णन ‘व्हाइल’ने जोडले की त्या एकाच काळी घडल्या की केवळ परस्परांहून भिन्न आहेत, हे वाचकास कळत नाही. इतिहासाच्या प्रबंधात, जेथे कालक्रम हाच प्रश्न असतो, तेथे अशा ठिकाणी ‘व्हेअरअ‍ॅज’ लिहिणे सुरक्षित.

बोलण्यातील इंग्रजीत विरोधाचा शब्द पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतो: ‘इट इज एक्स्पेन्सिव्ह. इट इज यूसफुल, दो.’ बायबर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या व्याकरणात लिखित व मौखिक इंग्रजीच्या मोठ्या संग्रहांच्या आधारे दाखविले आहे की हा जोडशब्द म्हणून येणारा ‘दो’ मुख्यतः संभाषणात आढळतो, तर विद्वत्तापूर्ण गद्यात ‘हाउएव्हर’चे प्राबल्य असते. हा अंत्यस्थानचा ‘दो’ मराठी भाषकाच्या तोंडी क्वचितच ऐकू येतो, आणि त्यामुळे अस्खलित बोलणाऱ्याचेही इंग्रजी पुस्तकी वाटते. वस्तुतः त्याच्याजवळ याची जोड आहे: ‘महाग आहे. उपयोगी आहे पण.’ पुण्यामुंबईच्या घराघरांत वाक्याच्या शेवटी हा ‘पण’ रोज ऐकू येतो.